गारमुट हे नाव दगडावर कोरण्याविषयी

मी, गेरहिल्ड ओन्केन, वय वर्षे शहाऐंशी, धंदा काही नाही, पूर्वी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयात अधिकारी, राहणार हामरझील, बांधाखालची आळी, घर क्रमांक सात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. आमच्याकडचा कायदा टाइप केलेले मृत्युपत्र मानत नाही, म्हणून हस्ताक्षर थोडे हलले तरी वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांचा मृत्युपत्राशी संबंध नाही. मला कोणी भरीला घातलेले नाही. भरीला घालायला घरात कोणी असायला लागते.

कलम १. माझी ओळख. बापाचे नाव गेरहार्ट, म्हणजे भाला आणि कणखर. आईचे माथिल्डे, म्हणजे बळ आणि लढाई. त्यांनी बापाचा भाला घेतला, आईची लढाई घेतली आणि माझे नाव ठेवले गेरहिल्ड. मी आयुष्यात कोंबडीसुद्धा मारलेली नाही. बाप बांधावरची पाण्याची दारे उघडायचा आणि बंद करायचा, आणि आई सोडून कोणाला भीत नसे. हे इथे लिहिण्याचे कारण असे की आमची जुनी माणसे नावे अशीच बनवत. अर्धे बापाकडून, अर्धे आईकडून. लोक मला काउंटरवर अडतीस वर्षे विचारत आले, बाई, या नावाचा अर्थ काय. मी सांगत आले, लांडगा, अस्वल, कीर्ती, शिरस्त्राण. खरा अर्थ फक्त एवढाच होता की हे मूल या दोघांचे आहे. मला तो फार आधी कळला होता, आणि कळूनही मी जे केले ते कलम ६ मध्ये आहे.

कलम २. नावांच्या वह्या. एकूण एकेचाळीस, हिरव्या पुठ्ठ्याच्या, माडीवरच्या कपाटात. प्रत्येक नावाचे मूळ, त्याचे तुकडे आणि ते ज्यांना दिले त्यांचे पुढे काय झाले, हे त्यात आहे. कार्यालयाच्या नोंदींतले काही उचललेले नाही, लोकांनी मला काउंटरवर आपणहून सांगितलेले आहे. या वह्या गावच्या शाळेला द्याव्यात. बेर्नहार्ट म्हणजे अस्वलासारखा कणखर, हे मुलांना जरूर शिकवावे, पण आमचा पोस्टमन बेर्नहार्ट कुत्रा दिसला की टपाल कुंपणावरून फेकत असे, हेही त्यांना वाचू द्यावे. हेडविग या नावाचे दोन्ही तुकडे लढाईच आहेत, लढाई आणि परत लढाई. माझ्या हातून चार हेडविग नोंदल्या गेल्या, चौघीही मवाळ निघाल्या. यावरून काय ते शाळेने ठरवावे.

कलम ३. चहाचे लाल गुलाबांचे भांडे, सहा कप, त्यातला एक कान तुटलेला, आणि खडीसाखरेचा चिमटा, हे शेजारीण वीबके बेरेन्ड्स हिला. वीबके या नावावर विद्वानांचा वाद आहे. काही म्हणतात छोटी बाई, काही म्हणतात छोटी लढाई. शेजारीण म्हणून मला दोन्ही पटतात. ती रोज सकाळी खिडकीचा पडदा उघडलाय का ते बघते. उघडला नसेल तर दार ठोठावते. गेली नऊ वर्षे एका माणसाने रोज मी जिवंत आहे का हे पाहिले, आणि त्याबद्दल मी तिला तोंडावर एकदाही धन्यवाद म्हटले नाही. ते इथे म्हणते.

आमच्याकडे चहा तीन कप प्यायचा असतो, तो ढवळायचा नाही, साय वरून सोडायची आणि बोलत बसायचे. मी एकटीनेही तीनच पिते. दोनवर थांबले तर घरात कोणी नाही हे कबूल केल्यासारखे होते. तिसरा कप बहुतेक वेळा गारच होतो.

कलम ४. आडेलहाइट पोप्पिंगा हिला माझ्या मयताच्या चहाला बोलवावे, कारण न बोलावल्यास गावभर बोभाटा होईल. पण लोण्याचा केक कोणत्या बेकरीतून आणायचा हे तिला ठरवू देऊ नये. आडेलहाइट म्हणजे उच्च कुळाची रीत. ह्या उच्च रीतीच्या बाईने माझे केकचे भांडे अकरा वर्षे परत केलेले नाही. ते भांडे आता तिला कायमचे दिले. तिने ते बक्षीस म्हणून ठेवावे, चोरी म्हणून नव्हे.

कलम ५. घर. विटांचे घर, मागची बाग आणि सफरचंदाची दोन झाडे मी माझा धाकटा भाऊ गारेल्ट ओन्केन याला देत आहे. वय ऐंशी, राहणार हामरझील, गिरणीजवळ. माझ्या दारापासून त्याच्या दारापर्यंत चालत सहा मिनिटे लागतात. आम्ही १९७४ पासून एकमेकांशी बोललेलो नाही. बेकरीत समोरासमोर आलो तर तो पावाकडे बघून मान हलवतो, आणि मीही पावाकडेच बघते. त्याने घर नाकारल्यास ते वीबकेला मिळावे.

कलम ६. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

१९७४ सालच्या मार्चची अकरा तारीख, सोमवार. गारेल्ट आणि त्याची बायको आल्मुट यांना मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी, अंगाने लहानखुरी. बुधवारी गारेल्ट एकटाच कार्यालयात आला, बूट ओले, डोक्यावर टोपी तशीच. मी काउंटरच्या आत होते. तो म्हणाला, मुलीचे नाव गारमुट. स्वतःच्या नावातला गार, म्हणजे भाला, आणि आल्मुटमधला मुट, म्हणजे मन, हिंमत. जुन्या रीतीने, अर्धे बापाचे, अर्धे आईचे. ही रीत त्याला मीच सांगितली होती, माझ्याच टेबलावर, चहा पिताना.

नाव चांगले होते. अडतीस वर्षांत माझ्यापुढे इतके नीट बांधलेले नाव दुसरे आले नाही. आणि मी म्हणाले, हे यादीत नाही.

आमच्याकडे एक जाड पुस्तक असायचे. त्यात नसलेले नाव अधिकाऱ्याने अडवायचे, असा शिरस्ता होता. शिवाय नावावरून मुलगा की मुलगी हे कळायला हवे, आणि हेल्मुट हा पुरुष असतो तर आल्मुट ही बाई, म्हणजे नुसत्या मुटवरून काही ठरत नाही, तिथेही बोट ठेवायला जागा होती. हे सगळे खरे आहे. पण मी ते पुस्तक पुष्कळदा मिटून ठेवले होते, परक्यांसाठीसुद्धा. अधिकाऱ्याच्या एका शेऱ्याने काम भागत असे. भावासाठी मी ते उघडून त्याच्यापुढे फिरवले.

तो म्हणाला, "ताई, तूच शिकवलंस ना हे मला? आता तुलाच नाही म्हणायचंय?"

मी म्हणाले, "मी घरी काय बोलते ते घरी. इथे कागद चालतो. दुसरं एखादं नाव जोडून आण, आना म्हण, मारी म्हण, लगेच लिहून देते."

"तिला शेपूट नको. ती गारमुट आहे."

"मग शुक्रवारी ये. घरी नीट विचार कर."

खरे कारण मी पन्नास वर्षांत कोणाला सांगितलेले नाही, ते असे. त्याने नाव ठरवण्याआधी मला विचारले नाही. माझ्या विद्येतून त्याने नाव काढले आणि तयार करून काउंटरवर ठेवले, कोणाही गिऱ्हाइकासारखे. मला मूल होणार नाही हे तेव्हा मला कळून चुकले होते. निदान एका मुलाचे नाव माझ्या हातून बनेल, असे मी मनात धरून बसले होते. मला राग आला. हेवा वाटला. आणि नियम हाताशी होता.

शुक्रवारी पहाटे मुलगी गेली.

गारेल्ट दुपारी मृत्यूची नोंद करायला आला, कारण ती नोंदही माझ्याकडेच होती. मी पेन उघडून म्हणाले, गारू, मी नाव लिहिते, आत्ता लिहिते, गारमुट लिहिते. त्याने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितले. मग म्हणाला, "आता आलं का यादीत?" त्याने मला नाव लिहू दिले नाही. आई-बाप नाव देत नाहीत तेव्हा काय लिहायचे हेही ठरलेले असते. दोन्ही नोंदवह्यांत माझ्या अक्षरात आहे, मुलगी, नाव दिलेले नाही. पुढे मी दोनदा वरच्या कार्यालयात लिहून पाहिले. बापाच्या अर्जाशिवाय काही होत नाही, असे उत्तर आले, आणि ते बरोबर होते.

आल्मुट माझ्याशी कधीच भांडली नाही. पुढे त्यांना मूल झाले नाही. १९९८ साली ती गेली, तेव्हा तिला तिच्या माहेरच्या गावी, ग्रोटहोर्नला नेले. मला निरोप नव्हता, मी गेले नाही.

कलम ७. मुलीची कबर. ती आमच्या चर्चच्या मागे आहे, उत्तरेच्या भिंतीशी. दगडावर लिहिले आहे, गारेल्ट आणि आल्मुटची मुलगी, आणि खाली दोन तारखा. आमच्याकडे कबरीची जागा पंचवीस वर्षांसाठी मिळते. नंतर कोणी पुढे आले नाही तर दगड उचलतात, माती सपाट करतात आणि गवत पेरतात. १९९९ मध्ये त्या दगडावर पिवळी चिठ्ठी चिकटलेली मला दिसली, संबंधितांनी संपर्क साधावा. आल्मुट जाऊन वर्षच झाले होते, आणि गारेल्ट तेव्हा कशालाच उत्तर देत नव्हता. मी चिठ्ठी सोलून काढली आणि संपर्क साधला. मुदत तेव्हापासून माझ्या नावावर आहे आणि २०४९ पर्यंत वाढवलेली आहे. हे गारेल्टला माहीत नाही. त्याला वाटत असेल, चर्चवाले विसरले. चर्चवाले काहीही विसरत नाहीत.

दर शनिवारी मी तिथे जाते. हिवाळ्यात कबरीवर फांद्यांचे पांघरूण घालते, उन्हाळ्यात शेवाळ खरवडते. तिच्याशी बोलायचे तर हाक काय मारायची, हा प्रश्न पडतो. गारमुट म्हणायचा हक्क मी त्या बुधवारी घालवला. म्हणून मी काही न बोलता काम करते आणि घरी येते. हजारो पोरांची नावे माझ्या अक्षरात आहेत, आणि जिच्याकडे मी सगळ्यात जास्त वेळा गेले तिला मी कधी हाक मारलेली नाही.

माझी इच्छा अशी की त्या दगडावर गारमुट हे नाव कोरावे. पण ते गारेल्टने होकार दिला तरच. त्याने नाही म्हटले तर दगड आहे तसा ठेवावा, आणि कोणी त्याच्या मागे लागू नये. घर त्याला दिले आहे ते या होकाराच्या बदल्यात नव्हे. त्याने नाही म्हटले तरी घर त्याचेच आहे. हे मी ठळक लिहिते, कारण तो माझ्यासारखाच आहे आणि त्याला सौद्याचा वास लगेच येतो.

कलम ८. मला कुठेही पुरावे. त्या कबरीत किंवा तिच्या शेजारी पुरू नये. तिथे माझी जागा नाही. दगड लहान असावा, त्यावर नाव आणि साल एवढेच असावे. अर्थ लिहू नये.

कलम ९. साक्षीदार. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत, वकिलाने मला दोनदा सांगितले. मला मात्र लागतात. पहिली वीबके. दुसरी जागा मी गारेल्टसाठी मोकळी ठेवत आहे. वीबके हा कागद त्याच्याकडे नेईल. मी मेल्यावर त्याने हे कोर्टाच्या पाकिटातून वाचावे, असे मला वाटत नाही, कारण तेव्हा त्याला मला काही म्हणता येणार नाही. त्याने वाचावे. सही करावी, न करावी. न केल्यास मृत्युपत्राला बाध येत नाही.

मी वरील सर्व वाचून पाहिले. खोटे काही नाही. केकच्या भांड्याची वर्षे कदाचित बारा असतील.

ठिकाण: हामरझील
दिनांक: ४ नोव्हेंबर २०२४
सही: गेरहिल्ड ओन्केन

साक्षीदार १: वीबके बेरेन्ड्स. माझ्यासमोर सही केली. कपाळावर आठ्या होत्या, पण हात स्थिर होता.

साक्षीदार २: दिनांक ९ नोव्हेंबर. वाचलं. वीबके दारात उभी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. पिवळ्या चिठ्ठीचं मला तेव्हाच कळलं होतं. मी संध्याकाळी काढायला गेलो, तर ती नव्हती, आणि चिखलात तुझ्या बुटांचे ठसे होते. म्हणून मी काही बोललो नाही.

दगडावर नाव कोर. तुझ्या हयातीत कोर, मेल्यावर कशाला. पण एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली नाही. ग्रोटहोर्नला आल्मुटच्या दगडावर, तिच्या नावाखाली, गारमुट हे नाव सव्वीस वर्षं आहे. आल्मुटनेच मरायच्या आधी सांगून ठेवलं होतं, आणि म्हणाली होती, गेरहिल्डला कळव. मी कळवलं नाही. तू यादी पुढे केलीस आणि मी हे केलं.

सही करतो ती वाचल्याची. माफ केल्याची नाही, ते मला अजून जमलेलं नाही. उद्या रविवार. दर रविवारी दहाला मी गाडी घेऊन ग्रोटहोर्नला जातो. तुझ्या दारात उभी राहिलीस तर थांबेन, हॉर्न वाजवणार नाही.

गारेल्ट ओन्केन