चार नंबरची ओळ

३ जून
गावाच्या संशोधन कमिटीचा अध्यक्ष झालो. बायको निकोलासा म्हणते, दुसरं कोणी तयारच नव्हतं. असो. राजधानीच्या, तेगुसिगाल्पाच्या इंजिनिअरबाईंनी घेवड्याचे तीन नवे वाण दिलेत. माझ्या रानात एक नंबरची ओळ आपल्या जुन्या लाल घेवड्याची, दोन ते चार नव्या वाणांच्या. नियम एकच, सगळ्या ओळींना सारखं वागवायचं. माझ्याइतका निःपक्षपाती माणूस या डोंगरात शोधून सापडायचा नाही.

२९ जुलै
पावसाने दडी मारली. चार नंबरने माना टाकल्यात. हाच जिंकणार, असं मी सगळ्यांदेखत छातीठोकपणे सांगून बसलोय. संध्याकाळी ओढ्यावरून बादल्या आणून घातल्या. हा काही पक्षपात नव्हे, आजाऱ्याला आपण औषध देतोच. जुना लाल पाण्यावाचून उभा आहे. हट्टी मेला.

६ ऑगस्ट
पुन्हा बादल्या. पाठ धरलीये. विज्ञानासाठी सोसायचं.

२४ ऑगस्ट
गावभर कोणता वाण पेरायचा, त्याचं मतदान. आवडत्या ओळीपुढच्या डब्यात मक्याचा दाणा टाकायचा. चार नंबरचा डबा काठोकाठ! धाकट्या बहिणीनेही, ओर्बेलिनाने, त्यातच टाकला. नवरा गेल्यापासून बिचारी एकटीच पोरांना वाढवतेय. म्हणत होती, थोडं लाल बी राखून ठेवते. मी म्हटलं, दोन डगरींवर पाय कशाला? शेवटी पटलं तिला. जुनं बी शिजवून पोरांना घातलं.

१८ सप्टेंबर
दुसरी पेरणी. गावभर चार नंबर. रेडिओवाले आले तर काय बोलायचं, ते ठरवून ठेवलंय.

२२ ऑक्टोबर
पाऊस लवकर आटोपला. शेंगा पोचट. इंजिनिअरबाई विचारत होत्या, ट्रायलमध्ये हा वाण कोरड्यात तगला होता ना? मी म्हटलं, हवामान बदललंय. त्यात खोटं काय?

९ नोव्हेंबर
ओर्बेलिनाच्या रानात टोपलीभरही निघालं नाही. खायला नाही, पेरायला बी नाही. कॉफीच्या मळ्यात तोडणीला जा, म्हणालो. रडली. मलाही वाईट वाटलं, पण अध्यक्षाने खचून कसं चालेल?

१७ नोव्हेंबर
सकाळी ती पोरांची शाळा सोडवून मळ्यावर निघाली. ट्रकची वाट बघताना शांतपणे म्हणाली, "दादा, तू बादल्या नेताना मी बघायचे. मला वाटायचं, चारही ओळींना घालतोयस."
ट्रक आला, मी तिचं बोचकं वर चढवलं. ती ते मांडीवर घेऊन बसली, ट्रक गेला.
दुपारी कमिटीची मीटिंग होती, नवा अध्यक्ष निवडायला. कोणी फिरकलं नाही. मीच राहावं, असा ठराव एकमताने मंजूर केला. मग खुर्च्या आवरल्या.