तिसऱ्या कॅमेऱ्यातली मी

चंदीगड,
२४ नोव्हेंबर १९७४

प्रिय विनया,

पाकिटात एक फोटो आहे, पण आधी पत्र वाच. नुसता फोटो पाहिलास तर घोटाळा होईल, आणि एक घोटाळा आधीच झालेला आहे.

मी इथे मामांकडे राहून मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी बायकांना फोटोग्राफी शिकवते, हे तुला ठाऊक आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. शिकलेलं दुसऱ्याला द्यावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय जन्मभर फोटोसाठी ताठ उभं राहणाऱ्या बायकांनी एकदा तरी कॅमेऱ्याच्या मागे उभं राहावं, असंही. मंडळाचे सेक्रेटरी गजाननराव यांना मात्र वाटतं, की रविवारी हॉलमध्ये पत्ते व्हावेत. दिवाळी संमेलनात फोटो मांडा, लोकांना आवडले तर हॉल तुमचा, असा त्यांनी निकाल दिला. वर्ग बंद पडला की मला मिरजेला परत बोलवायचं, हे आमच्या दादांनी ठरवूनच ठेवलं होतं.

कॅमेरे जुनेच परवडणार होते. सेक्टर सतरामधल्या दुकानात मामी बरोबर आल्या. मी काच उजेडाला धरून बुरशी शोधत होते, मागचं झाकण उघडून शटर नीट उघडतंय का ते पाहत होते. मामी एकेक कॅमेरा नारळासारखा कानाशी धरून हलवत होत्या. सरदारजी घाबरून म्हणाले, "बहनजी, इस में पानी नहीं होता!" मामी शांतपणे म्हणाल्या, "होना भी नहीं चाहिए." एका ऐटबाज कॅमेऱ्यावर माझा फार जीव जडला होता, पण त्यावर इतके आकडे आणि खटके, की शिकाऊ बाई फिरवता फिरवता फोटो विसरेल. म्हणून साधे, दणकट तीन घेतले. दोहोंच्या काचेवर टोपण होतं, तिसऱ्याचं हरवलेलं.

मग आली खंडेनवमी. मामींनी पाटावर मामांचा टाइपरायटर, विळी, पोपटपाना आणि माझे तिन्ही कॅमेरे मांडले. तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं लागली. दोहोंच्या टोपणावर, तिसऱ्याच्या थेट काचेवर! वर दुसऱ्या दिवशी ते पदराने पुसलंसुद्धा, म्हणजे तेल काचभर पसरलं. या स्वस्त कॅमेऱ्यांत बघायची खिडकी वेगळी आणि काच वेगळी, त्यामुळे आम्हाला काहीच कळलं नाही.

संमेलनाच्या दिवशी स्टुडिओतून फोटो आले. दोन कॅमेऱ्यांचे स्वच्छ, तिसऱ्याचे सगळे धुक्यातून काढल्यासारखे. मी रडकुंडीला आले. पण बायका त्याच फोटोंपुढून हलेनात. सुरकुत्या गायब, देवीचे व्रण गायब, चेहऱ्याभोवती नुसतं तेज! सेक्रेटरीणबाई रत्नप्रभाकाकू म्हणाल्या, "अगंबाई, ही तर लग्नातली मी!" गजाननराव बायकोच्या फोटोपुढे येऊन उभे राहिले आणि चष्मा पुसत मला म्हणाले, "हॉल तुमचा." माझे स्वच्छ फोटो कुणी विचारलेच नाहीत. मी काच साफ केली, तर वर्गातली रागिणी हळूच विचारते, "दीदी, थोडा कुंकू फिर से लगा दें?"

आता खरं काम. मामींनी मला न सांगता तिसऱ्या कॅमेऱ्यातला माझा फोटो तुझ्या भावासाठी, नरेशसाठी, तुझ्या आईकडे पाठवला होता. काल त्यांचं उत्तर आलं: मुलगी पसंत. विनया, त्याला पसंत पडलंय ते मामींचं कुंकू. तू कॉलेजात चार वर्षं माझ्या शेजारी बसलीस, तुला माहीत आहे मी कशी दिसते. सोबतचा फोटो साफ केलेल्या काचेतून रागिणीने काढलाय. त्यात माझा पुढे आलेला दात आहे, चष्मा आहे, कपाळावरची खूणही आहे. हा त्याला दाखव, आणि सांग, की लग्न झालं तरी, कुठेही राहिले तरी, माझा रविवार वर्गाचा. मग काय ते त्याने मोकळेपणाने कळवावं. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल, पण ते त्याला सांगू नकोस. आणि नरेशचा तो जुना कॅमेरा तुमच्या माळ्यावर पडून आहे ना? होकार असो वा नकार, तो तेवढा पाठव. वर्गात बायका वाढल्यात. फक्त तुझ्या आईने त्याची पूजा केलेली नाही ना, एवढं आधी पाहा.

तुझीच, दातासकट,
वसुधा