साडेतीनशे यार्डांच्या आत

बेलव्ह्यू, २८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

कुरियरच्या पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. रविवारी तर फोनवर तासभर बोललो, मग आता पत्र कशाला, असं तू भाऊजींना विचारशीलच. फोनवर सांगायच्या दोन गोष्टी माझ्या तोंडून निघाल्या नाहीत. त्यातली पहिली ऐकून तू हसशील, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. तुझ्या बासष्ट वर्षांच्या बहिणीने या महिन्यात हरणाची शिकार केली. रायफलने. आणि त्या रायफलची काडतुसं आमच्या गॅरेजमध्ये बसून तिने स्वतःच्या हातांनी भरली.

हसून झालं असेल तर पुढे वाच. डोनाला तू फोटोत पाहिलं आहेस. उंच, पांढऱ्या वेणीची, हॉस्पिटलच्या फार्मसीत वीस वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसायची ती. तिचं माहेर इथून पाच तासांवर, डोंगरांच्या पलीकडे, गुरांच्या कुरणांच्या मुलखात आहे. दर ऑक्टोबरला एक हरीण मारायचं आणि वर्षभर ते खायचं, ही त्यांच्या घरची पिढीजात पद्धत. काडतुसंही ती दुकानातून आणत नाही. रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची आणि वर गोळी दाबायची. प्रत्येक रायफलचा स्वभाव वेगळा, तिला काय मानवतं ते आपणच शोधायचं, असं तिचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी संधिवाताने तिची बोटं आखडली आणि एके दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून ती म्हणाली, "नीला, मला आता तराजू धरवत नाही. तुझ्याइतका स्थिर हात मी दुसरा पाहिला नाही. माझ्यासाठी मोजशील?"

दारू मोजतात ग्रेनमध्ये, ताई! आपल्या बी. फार्म.च्या जुन्या पुस्तकांतला ग्रेन. सोनाराची एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. त्याचाही दहावा भाग मोजायचा. पस्तीस वर्षं औषधं मोजून निवृत्त झालेल्या बाईला आणखी काय हवं? मी त्या तराजूपुढे बसले आणि मला पुन्हा नोकरी लागल्यासारखं वाटलं. छापील पुस्तकातल्या मर्यादेबाहेर एक कणसुद्धा जायचं नाही, एका वेळी टेबलावर एकाच प्रकारची दारू ठेवायची, मध्येच कुणी हाक मारली तर पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात करायची. हे सगळं मला शिकवावं लागलं नाही, फार्मसीत याहून वेगळं काय करत होते? शशिकांत मात्र पहिले काही दिवस गॅरेजच्या दारातूनच बोलायचे. मग मंडळाच्या गणपतीत कुणीतरी त्यांना विचारलं, नीलाताई दिसत नाहीत त्या? हे सहज म्हणाले, "ती गॅरेजमध्ये दारू मोजत बसलीय." तिसऱ्या दिवशी मंडळातली बिचारी सीमा शिऱ्याचा डबा आणि व्यसनमुक्ती केंद्राचं पत्रक घेऊन दारात उभी! तिला गॅरेज दाखवल्यावर ती इतकी हसली, की शिरा आम्ही तिथेच उभ्या उभ्या संपवला.

उन्हाळ्यात डोना मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेली. भरलेली काडतुसं कशी चालतात ते बघायला म्हणून गेले आणि बघता बघता पालथी पडून मीच नेम धरला. शंभर यार्डांवर पाच गोळ्या, आणि पाचही भोकं रुपयाखाली झाकली जातील अशी. डोनाने दुर्बिणीतून पाहिलं आणि लगेच मला शिकारीच्या प्रशिक्षणाला नाव घालायला लावलं. वर्गात माझ्या शेजारी बारा-तेरा वर्षांच्या मुली होत्या. परीक्षेत मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले, पण ते जाऊ दे.

खरा पेच पडला तो गोळी निवडताना. आमच्यापुढे तीन होत्या. पहिली लांबट, निमुळती, स्पर्धेच्या नेमबाजीची. तीनशे यार्डांवर ती लिंबाएवढ्या जागेत बसायची आणि ते कागद मी कौतुकाने फ्रिजवर लावले होते. दुसरी निखळ तांब्याची. जवळून उत्तम, पण लांबवर वेग उतरला की ती अंगात शिरल्यावर हवी तशी उमलत नाही, म्हणजे पसरत नाही, आणि जनावर जागीच पडत नाही. तिसरीत आत शिसं आणि त्याला सांधलेलं तांब्याचं जाड कवच. वेग कमी झाला तरी ती भरवशाने उमलते, पण आमच्या रायफलीतून तिची भोकं आमटीच्या वाटीएवढ्या जागेत पसरायची. मी अर्थातच पहिलीच्या प्रेमात. डोना म्हणाली, "कागदाला दुखत नाही, नीला." त्या एका वाक्यावर मी चार दिवस घालवले. लिंबाएवढ्या जागेत बसणारी ती गोळी अंगात शिरल्यावर कधी फुटते, तर कधी सुईसारखी आरपार जाते, आणि मग जनावर जखमी होऊन मैलभर पळतं आणि झुडपात कुठेतरी दिवसभर तडफडत मरतं. मला आमच्या फार्मसीतली गोष्ट आठवली, औषध कितीही शुद्ध असलं तरी रोग्याच्या पोटात विरघळलंच नाही तर काय उपयोग? मी वाटीवाली निवडली. मग तिचा वेग कुठपर्यंत पुरतो याचं गणित मांडलं. गोळी साडेचारशे यार्डांपर्यंत काम करेल असं उत्तर आलं. पण वारा, माझे डोळे आणि धडधडणारी छाती त्यातून वजा केल्यावर उरले साडेतीनशे. तो आकडा मी रायफलीच्या दस्त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवला. त्यापुढे कितीही मोठं हरीण दिसलं तरी बोट चापावर जाणार नाही.

आणि दिसलंच. डोनाच्या माहेरच्या डोंगरात, शिकारीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, समोरच्या उतारावर, पाच फाट्यांची शिंगं घेऊन राजासारखं उभं. शिंगाला निदान तीन फाटे हवेत असा इथला नियम आहे. डोनाने अंतर मोजलं, चारशे ऐंशी. मी नेमाच्या काचेतून त्याला इतकं स्वच्छ बघत होते की कानावरची माशीही दिसावी. डोना माझ्या बोटाकडे बघत राहिली. ती माझी परीक्षा बघत होती की काय कोण जाणे. मी बोट बाहेरच ठेवलं. ते हळूहळू चरत टेकडीपलीकडे गेलं आणि मला, खरं सांगते, रडू आलं. मग आम्ही दोघी म्हाताऱ्या नारिंगी जाकिटं घालून, वाऱ्याची दिशा सांभाळत, दोन तास ओणव्याने टेकडी चढलो. माझ्या गुडघ्यांनी मला आईवरून शिव्या दिल्या. वर पोचलो तर खालच्या ओहोळाकाठी तेच हरीण, आडवं उभं. दोनशे नव्वद. मी पालथी पडले, अर्धा श्वास सोडला आणि तिथेच थांबले. रायफल कधी उडाली ते मलाही कळलं नाही. ते चार पावलं चाललं आणि बसलं, जसं काही दमून बसावं. पुन्हा हललं नाही.

आम्ही खाली त्याच्यापाशी गेलो. डोनाने टोपी काढली, मी चप्पल काढायच्या सवयीने बूट काढायला लागले आणि मग आम्ही दोघी एकदम हसत सुटलो, डोळ्यांत पाणी असताना. संध्याकाळी ट्रकपर्यंत मांस ओढून आणताना मी इतकी आनंदात होते, ताई, की कधी नव्हे ते मोठ्याने गात होते. परवा त्याचा कांदा-खोबऱ्याचा रस्सा केला. शशिकांतनी तीनदा वाढून घेतला आणि वर म्हणाले, मीठ जरा मोजून घालत जा.

त्या ओहोळाकाठी डोनाने मला विचारलं, "हा श्वास धरायला तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या बहिणीने. सातारच्या कोर्ट क्वार्टर्सच्या अंगणात. तू एन.सी.सी.ची परेड करून यायचीस, मला पालथी झोपवायचीस, हातात दादांची छत्री द्यायचीस आणि म्हणायचीस, "अर्धा श्वास सोड, तिथेच थांब, घाई करू नकोस." डोना म्हणाली, "मग तिला अजून सांगितलं नाहीस?" तिला म्हणायचं होतं हरणाचं. मला मात्र दुसरंच काहीतरी आठवलं.

आता दुसरी गोष्ट. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुझी नात तिच्या तिरंदाजीच्या राज्य निवडीला जावं की नाही असं विचारत होती. तू हसत म्हणालीस, "आपल्या घराण्याचा नेम शेवटच्या गोळीला ढळतो गं अनन्या, मला विचार." सत्तेचाळीस वर्षं तू हे म्हणत आली आहेस आणि प्रत्येक वेळी मी खाली मान घालते. ताई, तुझा नेम ढळला नव्हता. सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या नेमबाजी स्पर्धेसाठी निवडीचं पत्र आलं, ते पोस्टमनने माझ्या हातात दिलं होतं. चार मुलींची नावं होती. मी नाचत दादांकडे गेले. बारामतीचे पाहुणे आठवड्यात तुला बघायला येणार होते. दादांनी पत्र दोनदा वाचलं, बंबात टाकलं आणि मला म्हणाले, "तिला सांग, नाव आलं नाही." मी सांगितलं. दादांच्या धाकाने सांगितलं हे खरं, पण तू दिल्लीला जाणार आणि मी नाही, म्हणून त्या क्षणी मला थोडं बरंही वाटलं होतं, हेही खरं. नंतर तुझा संसार छान झाला, भाऊजी तर देवमाणूस, त्यांना यातलं काही माहीत नाही. दरवर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. माझ्यावर हवं तेवढं रागाव, महिनाभर फोन उचलू नकोस, मग उन्हाळ्यात इथे ये आणि समोरासमोर भांड. पण अनन्याची निवड डिसेंबरात आहे. पत्र वाचून झालं की आधी तिला हाक मार आणि सांग, तिच्या आजीची निवड झाली होती. त्या यादीत तुझं नाव पहिलं होतं.

तुझीच,
नीलू