चहा गोड झाला की भांडण मिटलं

अण्णा, आज मी एका जोडप्याला मध्यस्थी नाकारली. तुम्ही असतात तर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत म्हणाला असतात, "एवढं शिकून शेवटी घरं मोडायलाच शिकलीस." तुमच्या वतीने मीच म्हणून टाकलं, तुमचा खोळंबा नको. ठाण्यात कोर्टाकडून घटस्फोटाची जोडपी माझ्याकडे पाठवली जातात. त्यांना समोरासमोर बसवून काही मार्ग निघतो का पाहायचं, हे माझं काम. पण त्याही आधी, यांना समोरासमोर बसवावं की नाही, हे ठरवायचं असतं. हा प्रश्न तुम्हाला उभ्या आयुष्यात कधी पडला नाही.

तुम्ही ज्ञातीच्या वधूवर मंडळाचे चिटणीस. डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी स्थळं जुळायची आणि दुपारी, आधी जुळवलेली भांडायला यायची. "माझ्या हातचं एकही लग्न मोडलेलं नाही," असं तुमचं दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं होतं. तुमची पद्धत ठरलेली. आधी नवऱ्याचं म्हणणं, मग त्याच्या आईचं, आणि मग त्या दोघांच्या देखत बायकोला, "तुला काही सांगायचंय का?" ती मान हलवायची. तुम्ही खूश. "मग आत जा आणि सगळ्यांना चहा कर बघू." ती आपल्या स्वयंपाकघरात येणार, आई तिला डबे दाखवणार, आणि तिने बाहेर येऊन नवऱ्याला स्वतःच्या हाताने कप दिला की तुमच्या लेखी भांडण मिटलं. पहिला घोट घेऊन तुम्ही म्हणायचात, "गोड झालाय. संसारही असाच होईल." साखर आई घालायची, अण्णा.

पाणी उकळेपर्यंत त्या आईला काय काय सांगायच्या, ते मी पोळ्या लाटता लाटता ऐकलंय. मंडळी गेल्यावर आई तुमच्याजवळ विषय काढायची. तुमचं उत्तर तयार, "बायकांचं मनावर घेतलं तर एक घर उभं राहायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग तुम्ही वामकुक्षीला आडवे व्हायचात आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचात. मला त्या घोरण्याची किळस यायची, अजून येते.

मध्यस्थी वाईट नाही, वाईट तुम्ही करत होतात ती. गेल्या महिन्यात माजिवड्याची दोघं आली. पहिल्याच बैठकीत एकमेकांवर अशी ओरडली की शिपाई आत डोकावून गेला. मला हायसं वाटलं. दोघांनाही आवाज होता. तीन बैठकांत लेकीच्या सुट्ट्या वाटून घेऊन ती दोघं नीट वेगळी झाली, जाताना जिन्यात तिच्या शाळेविषयी बोलत गेली. तुमच्या हिशेबी तेही मोडलेलंच घर.

आजची दोघं डोंबिवलीची. तो बोलायला गोड. "मॅडम, मला घर टिकवायचंय. कोर्टबिर्ट कशाला, आपण बसून बोलू ना." तीही म्हणाली, "हो, बसू." तुम्ही तेवढ्यावर चहा सांगितला असतात. मी दोघांना वेगवेगळं आत बोलावलं. तिला विचारलं, पाणी घेणार का, तर तिने बंद दाराकडे पाहिलं. तुम्हाला काय हवंय, विचारलं. "ते म्हणतील तसं." मी म्हटलं, ते इथे नाहीयेत. "पण बाहेर आहेत ना." घरच्या कोणाला फोन करायचा असला तर करा, म्हटलं. "फोन त्यांच्या खिशात आहे. माझापण." मग टेबलाच्या कडेवर नख घासत ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आम्हाला एकत्र बसवलंत ना, तर मी सगळ्याला हो म्हणेन. मला माहितीय, मी म्हणेन. पण मी असं बोलले ते त्यांना सांगू नका."

मी फॉर्मवर लिहिलं, मध्यस्थीस योग्य नाही. कारण लिहायचं नसतं, ते एक बरं आहे. मग त्याला आत बोलावून म्हटलं, "हा निर्णय माझा आहे, यांचा नाही." त्याचा गोडवा तिथेच संपला. "तुमच्यासारख्या बायकांमुळेच घरं मोडतात," तो म्हणाला, अगदी तुमच्या सुरात. माझ्या फोनवरून तिने भावाला बोलावलं. तो कल्याणहून येईपर्यंत ती माझ्या खोलीत बसून होती. मी तिला चहा विचारला नाही, पाणी दिलं.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही आणि तुम्ही वाचलंही नसतंत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. कल्याणची ती ठेंगणी मुलगी तुम्हाला आठवत नसणार. मी तेव्हा कॉलेजात होते. आई दूध आणायला खाली गेलेली आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. तिचं उजवं मनगट टम्म सुजलेलं होतं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या वडलांना सांगा ना, आजचा दिवस मला इथे राहू द्या." बाहेरून तुमची हाक आली, "झाला का गं चहा?" ट्रे तिला उचलवेना. तो मी बाहेर नेला, तिने फक्त एक कप नवऱ्याच्या हातात दिला आणि तुम्ही म्हणालात, गोड झालाय. तुमच्या शोकसभेला ती आली होती, त्याच नवऱ्याबरोबर. कोणीतरी भाषणात तुमच्या न मोडलेल्या लग्नांचं कौतुक करत होतं, तेव्हा ती तुमच्या फोटोकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. तिला आठवत होतं. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत जायच्या आधी, तुम्हाला दिसू नये म्हणून, तिच्या मनगटावर पदर मी ओढून दिला होता.