तुमच्या गुडघ्यातली पट्टी

प्रिय आंद्री कोच,

तुम्हाला मराठी येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण माझं जपानी तुम्हाला कळायचं नाही आणि तुमचं इंग्रजी मला. आता निदान एकाला तरी मनासारखं बोलू दे! काल तुमच्या अस्थी वेचल्या आणि तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. तो बाहेर काढल्याशिवाय माझ्या हातून सामानाची बांधाबांध व्हायची नाही.

आमच्याकडे बायका सहसा स्मशानात जात नाहीत. इथे जपानात तर माझ्या हातात चॉपस्टिक दिल्या! तुमची बहीण युक्रेनहून येऊ शकली नाही, फोनवर रडली आणि म्हणाली, तिथेच करा सगळं. म्हणून फुटबॉल क्लबच्या आम्हा पालकांनाच बोलावलं. तानाका-सान आणि मी, दोघींनी एकच हाड दोन बाजूंनी धरायचं आणि अस्थिपात्रात ठेवायचं.  आणि तुमच्या उजव्या गुडघ्यापाशी धातूची पट्टी निघाली, स्क्रूंसकट.

"मॅचमध्ये मोडलेला गुडघा," असं म्हणून तानाका-सान हमसून हमसून रडल्या. मीही रडले. पण कोच, रडता रडता मनात आलंच. गुडघा मोडला होता हे खरं, पण तो मॅचमध्येच मोडला कशावरून? पुण्यातल्या आमच्या शेजारच्या शिंदेकाकूंच्या पायातही अशीच पट्टी आहे. त्या जिन्यावरून पडल्या होत्या. त्यांना नाही कुणी फुटबॉलपटू म्हणत!

रागावू नका. माझा स्वभावच तसा. भाजीवाल्यानं जास्तीची कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलगडून बघते. आणि इथे तर प्रश्न माझ्या मुलीचा आहे.

यांचं प्रोजेक्ट संपलं. कंपनीनं जसे भराभरा सगळे सॉफ्टवेअरवाले इथे आणले, तसेच आता परत पाठवतायत. मार्चअखेर आम्ही निशी-कसाई भागातलं घर सोडणार. सासूबाईंनी मुक्तासाठी पुण्यात गणिताचा क्लास ठरवूनसुद्धा टाकला. आणि तुम्ही हॉस्पिटलच्या पलंगावरून मला काय सांगितलंत? "मुक्ता गुड. व्हेरी गुड. फुटबॉल नो स्टॉप." तेही मुक्ता शेजारी उभी असताना! तेव्हापासून ती दुसरं काही बोलतच नाही. तुम्ही सांगून मोकळे झालात, निस्तरायचं मी.

जाणाऱ्याचा शब्द मोडू नये म्हणतात. पण तो शब्द टाकणारा माणूस जाणकार होता की नुसता गोड बोलणारा, हे मला कळायला नको?

कारण तुमची कहाणी तरी कशी! युक्रेनमध्ये प्रोफेशनल खेळलो, बचावफळीत राइट बॅक होतो, गुडघा गेला, मग कोच झालो, मग जपान. बरं, यांना इंग्रजीत विचारायला लावलं, एखादा फोटो? तो म्हणे आईचं घर विकलं त्यात गेला. क्लब कुठला? त्याचं नाव बदललं. आणि देश? तोही बदलला! किती सोयीचं, नाही? यांनी ऑफिसात बसून इंटरनेटवर शोधलं, तर तुमच्या नावाचे ढीगभर लोक निघाले. त्यातला एक दंतवैद्य होता. पुढे कितीतरी दिवस मी तुमच्याकडे दंतवैद्य म्हणूनच बघत होते.

माझी चहाची पहिली पाळी आठवते? आया आळीपाळीनं कोचसाठी चहा आणतात, एवढंच मला कुणीतरी सांगितलेलं. भर ऑगस्टात, नदीकाठच्या त्या रखरखीत मैदानावर, मी थर्मास भरून आलं-वेलदोड्याचा कढत चहा घेऊन हजर! बाकीच्यांकडे बर्फ घातलेला जवाचा गार चहा. सगळ्या आया वाकून थर्मासची वाफ बघत होत्या. तुम्ही मात्र घाम पुसत पुसत दोन कप प्यायलात आणि वर आणखी मागितलात. मी म्हटलं, कुणी उगाच एवढं चांगलं वागत नाही, या माणसाला नक्की काहीतरी हवंय. मी वाट बघत राहिले, पण तुम्ही कधी काही मागितलं नाहीत. मागितलंत ते थेट हॉस्पिटलात, आणि तेही स्वतःसाठी नाही.

मग ती पालकांची मॅच. तुम्हाला पकडायचंच म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. आमचे हे धापा टाकत मैदानभर पळत होते आणि तुम्ही आपले जागेवर उभे! चेंडू मात्र दर वेळी तुमच्याच पायाशी येत होता. हे घरी येऊन म्हणाले, "बघितलंस? चेंडू कुठे येणार ते त्यांना आधीच कळतं." मी म्हटलं, "असतं एकेका आळशी माणसाचं नशीब."

आज सकाळी पेट्या भरताना मुक्ताला सरळच विचारलं, "कोच खोटं बोलत असले तर गं?"

ती जपानीत काहीतरी पुटपुटली.

"मराठीत बोल."

"असू देत खोटं," ती म्हणाली. "मला आधी डाव्या पायानं साधा पाससुद्धा देता यायचा नाही, आई. आता मी डाव्यानं गोल मारते. ते कुणी शिकवलं मला?"

मी भरलेली पेटी पुन्हा उघडली आणि तिचे फुटबॉलचे बूट सगळ्यात वर ठेवले. हे यांना सांगितलं तर खरंसुद्धा वाटणार नाही.

तर कोच, ऐका. गणिताचा क्लास राहील, पण संध्याकाळचा नाही. सासूबाईंशी मी बोलेन. पुण्यात मुलींना घेणारं मैदान शोधेन, नाहीच मिळालं तर मुलांच्यात खेळवेन, पण थांबवणार नाही. हा माझा शब्द. आणि तिथे जो कोण शिकवणारा असेल, त्याला पहिल्याच दिवशी विचारेन, कुठे खेळलात, कुठल्या क्लबात, फोटो दाखवा. चिडला, तर मुक्ताचा हात धरून दुसरं मैदान शोधायला निघेन.

तुम्हाला मी इतकी वर्षं हेच विचारत आले. तुम्ही एकदाही चिडला नाहीत.

तुमची,
मुक्ताची आई