दोन मजल्यांच्या मधे

१२ जून

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की पाय दाराबाहेर जातात, म्हणून मनातल्या मनात घातलाय.)

फोनवर तू मधेच ओरडतेस, म्हणून मेलवर पत्र. पूर्ण वाच, मग ओरड.

दुसऱ्या लिफ्ट कंपनीने मला घेतलं! काम तेच. लिफ्टमध्ये अडकलेल्याने आतलं बटण दाबलं की फोन माझ्याकडे, आणि मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्याच्याशी गप्पा मारायच्या. फक्त तिकडे बढती आणि रविवारची सुट्टी. घोळ असा, की इथे परदेशी माणसाचा कामाचा परवाना कंपनीच्या नावाचा असतो. नवा येईपर्यंत जुन्याच खुर्चीला चिकटून बसायचं, आणि राजीनामा दिलेल्याला रजा नाही.

म्हणजे तुझ्या बाळंतपणाला मी नाही. आई गेली तेव्हा मीच कबूल केलं होतं की त्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी मी उभा असेन. बाबांना उभं केलं तर त्यांनाच खाट लागेल.

म्हणून आयडिया. फोन मी या खोलीतूनच घेतो. तेच तुझ्या मागच्या खोलीतून घेतले तर कोणाला कळतंय? व्हिडिओवर साहेबांना माझं तोंड आणि मागची भिंत दिसते. त्या भिंतीचा फोटो काढून तेवढाच मोठा पडदा छापायला टाकलाय. कपाट, कॅलेंडर, खुंटीवरचा टॉवेल, सगळं आलंय. भाऊजींना सांग, कुकरची शिट्टी तेवढी काढून ठेवा.

लोभ आहेच, तो तुझ्या वजनाइतका वाढावा.
तुझा टिवल्या

१४ जून

चि. टिवल्यास,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे मागे घेतलेत.

वाचलं पूर्ण. आता ओरडते. तुझे भाऊजी त्या पडद्यावर फिदा आहेत, आपल्या हॉललाही समुद्राचा एक लावू म्हणतात. त्यांचं सोड. परवान्याचा कागद तुला वाचायचा कंटाळा, म्हणून तूच त्यांना वाचायला पाठवला होतास ना? त्यात स्पष्ट लिहिलंय की काम त्याच देशात बसून करायचं. बाहेरून एक फोन घेतलास तरी जुना परवाना रद्द आणि नव्याचा अर्ज कचऱ्यात. मग दोन्ही कंपन्या गेल्या, आणि तूही घरी.

अडकलेल्यांना तू काय सांगतोस ते मला पाठ आहे, नोकरी लागली तेव्हा सराव माझ्यावरच केलास. एक, श्वास घ्या. दोन, माणूस निघालाय. तीन, दार स्वतः उघडू नका, कारण लिफ्ट थांबल्याने कोणी मरत नाही, मधेच दार उघडून उडी मारल्याने मरतात. सध्या तू दोन मजल्यांच्या मधे आहेस. दार उघडू नकोस.

तू नको आहेस असं नाही रे. फार हवा आहेस. पण बाळाचा मामा परवाना घालवून आलेला नकोय मला.

मायेत कमी नाही, आज फक्त तिने डोळे वटारलेत.
ताई

२९ जून

ती. ताईस,
नमस्कार. या खेपेला खराखुरा, कान धरून.

तीन दिवस मी तुझ्यावर फुगलो होतो. तुला पत्ताही नाही, हे जास्त लागलं. तिकीट नाही काढलं. पण पडदा येऊन पडला होता, वाया कशाला घालवा म्हणून इथेच भिंतीवर लावला. आणि आज नेमका परवाना कचेरीतल्या बाईंचा चौकशीचा व्हिडिओ फोन. मी बोलतोय आणि मागे पंख्याच्या वाऱ्याने माझं कपाट हलतंय. टॉवेल हलला तर एक वेळ चालतं गं, कपाट? बाईंनी थंडपणे विचारलं की आपण नक्की कुठे आहात.

इथेच, म्हणालो. कधी नव्हे तो खरं बोलत होतो आणि मलाच ते खोटं वाटत होतं. शेवटी पडदा ओढून काढला. मागे तेच कपाट, तेच कॅलेंडर, तोच टॉवेल. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. मग म्हणाल्या खिडकीतून रस्ता दाखवा. कचऱ्याची गाडी उलटी येत होती, ड्रायव्हरने हात केला. तुझ्याकडे असतो तर मला तुमचा वॉचमन दाखवावा लागला असता.

मग मी सगळं ओकलो. तू, बाळ, पडदा, तुझं पत्र. त्यांनी लिहून घेतलं, हसल्या नाहीत. परवाना मिळतो की नाही, देव जाणे.

आहे तो लोभ जपून ठेव, नाहीतर त्यावरच जगायचंय.
टिवल्या

११ जुलै

चि. टिवल्यामामास,
दोघींचे आशीर्वाद. एकीचे झोपेत.

परवा भाऊजींनी फोन माझ्या कानाशी धरला तेव्हा तू कामाचा आवाज काढलास आणि मला चक्क मॅडम म्हणालास. श्वास घ्या म्हणालास. माणूस निघालाय म्हणालास. नर्सबाई हसायला लागल्या. तिसरं सांगायला गेलास आणि तुझाच आवाज अडकला. मला ऐकू आलं रे ते. पाचव्या मिनिटाला मुलगी.

दाराशी बाबा उभे होते. खाट लागली नाही, खुर्चीवर भागलं.

कळवायचं राहिलं असेल तर तिच्याकडे बघत बसल्यामुळे.
ताई

१८ जुलै

ती. ताईस व चि. छकुलीस,
एकीला नमस्कार, दुसरीला गालगुच्चा.

परवाना आला! सोबत बाईंची चिठ्ठी. मला वाटलं ताकीद असेल. तर विचारलंय की पडदा कुठे छापून मिळतो.

जुनी कंपनी शुक्रवारी सुटते, नवी एक तारखेला. मधले दिवस मी कोणाचाच नोकर नाही. हेडफोन इथेच ठेवतोय, पडदा भाऊजींना आणतोय. उशीर झालाय, माहीत आहे.

श्वास घे. माणूस निघालाय. रविवारी बेल वाजली की दार मात्र तूच उघड, या वेळी चालतं.

बाकी लोभ समक्ष.
टिवल्यामामा