आरपीएमचा काटा दीडवर नको

प्रियदर्शनी,

२००६ साली गेवराईचा हायवे दुपदरीच होता. पेट्रोल वाचवायला तुझे आजोबा पाचव्या गेअरमध्ये आरपीएमचा काटा दीड हजारावर ठेवायचे.

"इंजिन घरघरतंय हो," मी म्हणाले.

"कामून एवढी पळवू? पेट्रोल झाडाला लागतं व्हय?"

मग ट्रक ओलांडताना गाडीने ओढच घेतली नाही, आणि समोरून दुसरा ट्रक आला.

तूही तशीच चालवतेस. काटा अडीच-तीन हजारांवर राहू दे, इंजिन निवांत चालतं. ओलांडताना चौथा टाक.

आजोबा तिथेच गेले. मागे बसलेली तुझी आत्या पुन्हा कधी गाडीत बसली नाही. तुला एकटीला गाडी घेऊन निघताना मला बघवणार नाही, म्हणून नारायणगडला दर्शनाला जाते. किल्ली देवघरात आहे. संभाजीनगरला पोचलीस की फोन कर, मगच गड उतरेन.

आजी